गिताबाईची मेंढरं उसात

केंदूर, ता. शिरूर
६ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

अजून एकदाही न भेटलेल्या पूनमचा नमस्कार. कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, मागच्या आठवड्यात पुण्यात ऑपरेशन झालं. आता मान खाली घालून पडून राहायचं, आणि मोबाइल, टॅबलेट, कंपनीतला कॉम्प्युटर, सगळं बंद. आईने माझा मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवलाय. तुझा पत्ता संपतने, म्हणजे माझ्या भावाने, तुला मेसेज करून घेतला तो यासाठीच. मान खाली असली की लिहायला मात्र फार सोयीचं पडतं. डावा डोळा शाबूत आहे. तू उलट लिहिलंस तर जाड काळ्या पेनाने लिही, दुकानाच्या पाटीसारखं.

काम असं आहे. दर शुक्रवारी इंटरनेटवर ‘गिताबाईचं बिऱ्हाड’ या चित्रकथेचं पान टाकायचा माझा तीन वर्षांचा नेम आता मोडणार. वेबकॉमिक काढणाऱ्यांत रीत आहे, एकाचं अडलं की दुसऱ्याने पाहुणा म्हणून पानं काढून द्यायची. तू माझी पाहुणी होशील का?

तुलाच का विचारते ते सांगते. तुझ्या ‘पाटस फाटा’ कॉमिकमध्ये एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं मी कितीदा बघितली असतील. तू त्यांचे चेहरे कमी काढतेस आणि पाठी जास्त, आणि पाठीवरून कळतं की माणूस कारखान्यातून सुटलाय की दवाखान्यातून. मला ते जमत नाही. हेवा वाटतो, खरं सांगते.

तुला ठाऊक असेल, घोड्यावर संसार लादून मेंढरांमागे रानोरान फिरणारी ती बाई म्हणजे माझी आईच. नावही तिचंच. आम्ही मेंढरं विकली, घर बांधलं, शेतीला लागलो. आई आता फक्त त्या पानांत चालते. तिला वाचता येत नाही, पण दर शुक्रवारी चित्रं बघते. बिऱ्हाड सध्या भीमेकाठी, तुमच्या बाजूला उतरलंय. पुढे काय करायचं ते तू ठरव. फक्त आईच्या नावाला बोल लागू देऊ नकोस. पासवर्ड संपत कळवेल.

तुझी,
पूनम

*

राहू, ता. दौंड
१८ जानेवारी २०२५

पूनमताई,

तुमचं पत्र पोस्टमनने आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात दिलं. त्यांना वाटलं बँकेचं काहीतरी आहे. आतून पत्र निघाल्यावर त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “अजून लिवत्यात व्हय?”

मी हो म्हणते. हो म्हणायच्या आधी दोन दिवस नुसती घरात फिरत होते. तुमचं पहिलं पान मी कॉलेजात असताना पाहिलं. पावसात बिऱ्हाड अडकलंय आणि गिताबाई कोंबड्यांची टोपली स्वतःच्या घोंगडीखाली घेऊन बसलीय. ते बघून मी ‘पाटस फाटा’ सुरू केला, हे तुम्हाला कधी सांगायचं धाडस झालं नाही. आता पेन जाड आहे म्हणून सांगून टाकते.

काल पहिलं पान गेलं. सोबत प्रिंट जोडली आहे. नदीकाठी उतरून गिताबाई घोड्यावरच्या दोऱ्या सोडते, एवढंच. नीट बघितलंत तर कळेल की घोड्याचं फक्त तोंड आणि पाठ आहे. मला घोडं येत नाही. कुत्रा काढला की घोड्यासारखा दिसतो आणि घोडं काढलं की टेबल होतं. मेंढरांच्या पायांचंही तसंच. चार पाय कुठल्या क्रमाने उचलतात कोण जाणे. वाचकांना अजून पत्ता लागलेला नाही.

डोळ्याला जपा. तुमच्या वाटचं मी बघते.

राजनंदिनी

*

केंदूर
२४ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

प्रिंट उशाखाली ठेवली आहे. डाव्या डोळ्याने बघते, मग आई ओरडते, मग परत बघते. गाठ सोडणाऱ्या आईच्या बोटांत दोरीचा पीळ जसा अडकलाय, तो तू कुठून आणलास? मी तीन वर्षांत तिचे हात इतक्या जवळून काढले नाहीत. आईला दाखवलं. ती चित्राकडे बघून स्वतःचा अंगठा चोळत बसली. संध्याकाळी परत मागून घेतलं.

मनात थोडी जळले, हेही लिहून ठेवते. जळणं गोड होतं.

पायांची काळजी करू नकोस. मीही सुरुवातीला लपवायचे. गवतात उभं कर, धुळीत कर, पाण्यात कर. वाचक पाय मोजत नाहीत. पुढची पानं छापून लगेच पाठव. मला दुसरी करमणूक नाही, दिवसभर फरशी बघते. आमच्या फरशीच्या ठिपक्यांत आता मला माणसं दिसायला लागली आहेत.

तुझी,
पूनम

*

राहू
१ फेब्रुवारी २०२५

पूनमताई,

घाईत लिहिते. दुसरं पान छान गेलं. तिसरं काल गेलं, तेही छान गेलं. सगळे तुमची आठवण काढतात.

प्रिंट या वेळी नाही. केडगावचा दुकानदार लग्नाला गेलाय, आणि आमच्याकडे ऊसतोड सुरू झाल्यामुळे मला दुसरीकडे जायला जमलं नाही. एकदम सगळी पाठवते. तुम्ही बऱ्या झाल्यावर बघालच की. नुसती विश्रांती घ्या, कॉमिकचा विचारही करू नका.

राजनंदिनी

*

केंदूर
८ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

तुझं पत्र वाचलं. ‘छान’ हा शब्द तू चार ओळींत दोनदा लिहिलास आणि एकदाही विनोद केला नाहीस. मला ते बरं वाटलं नाही.

घरातही काहीतरी बिनसलंय. गेल्या शनिवारी संपत आईला पान दाखवायला घेऊन बसला, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. जेवायला वाढते, डोळ्यात थेंब घालते आणि उठून जाते. परवा सकाळी नवं लुगडं नेसून निघाली. शिक्रापूरला थेंब आणायला जाते म्हणाली. दिवस मावळता आली, आणि थेंब आणलेच नाहीत. संपतला विचारलं तर म्हणाला, “मला न्हाई म्हाईत, तायडे, तू झोप.”

मी दिवसभर पडून तर्क करते. मला वाटतं आई दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी तिला माझ्या डोळ्याचं काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ते माझ्यापासून लपवलंय. संपतने तुला फोनवर कळवलं असणार, म्हणूनच तू मला कॉमिकचा विचार करू नका म्हणतेस. डोळा गेला असेल तर सरळ सांग. अंधारात ठेवलेलं मला सोसत नाही, मग ती आंधळेपणाची बातमी का असेना.

पूनम

*

राहू
१२ फेब्रुवारी २०२५

पूनमताई,

आधी हे वाचा. तुमच्या डोळ्याबद्दल मला कुणीही काही सांगितलेलं नाही. तुमची आई दवाखान्यात गेली नव्हती. ती इथे आली होती, आमच्या घरी. लपवलंय ते मी.

तिसऱ्या पानात मला पूर्ण कळप आणि घोडं दाखवायचं होतं. एवढे पाय मला झेपेनात. तुम्ही म्हणालात गवतात लपव. मी गवत काढायला बसले आणि हाताने ऊस काढला. आमच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की ऊसच, ताई. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीपासून मी सगळ्या चित्रांच्या मागे ऊसच काढत आले. मला तो पीक वाटलाच नाही, चित्राची मागची बाजू वाटली. हिरव्यागार उभ्या उसात पोटापर्यंत बुडालेली मेंढरं, मध्ये घोडं, आणि पुढे गिताबाई हसत उभी. दिसायला फार देखणं झालं होतं. मी खूश होऊन पान टाकलं आणि झोपले.

सकाळी उठले तर खाली शंभरावर कॉमेंट. तुमच्या लोकांनी विचारलं होतं, “कुणाच्या उसात घातली मेंढरं, बाई?” काहींनी लिहिलं, “पूनमताई आजारी काय पडल्या, गिताबाईला चोर केलं.” ते मी सोसलं असतं. पण आमच्या भावकीतल्या एकाने ते चित्र गावच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, “बघा, मेंढरंवाल्यांची पोरगीच कबूल करतीय.” त्याला ठाऊकच नव्हतं की ते चित्र आमच्या घरात बसून काढलंय. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

मी पान काढून टाकणार होते. पण काढलं तर तुम्हाला का काढलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून ठेवलं, आणि तुम्हाला ‘छान’ लिहिलं.

गुरुवारी दुपारी दारात एक बाई उभी. हिरवं लुगडं, हातात पिशवी. मी चार आठवडे रोज जिचं नाक काढत होते ती समोर उभी होती, ओळखायला काय लागतंय. आप्पा ओसरीवर होते. ती आत आली नाही, पायरीवरच टेकली. माझ्या आईने चहा आणला, तो तिने बाजूला ठेवला.

आप्पांना म्हणाली, “मालक, तुमच्या पोरीनं माझी मेंढरं तुमच्याच उसात घातली. म्हून आले.”

आप्पांना काही कळेना. मी फोन दाखवला. ते चित्र बघत राहिले, मग ती कॉमेंट वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “बाई, पोरीची चूक झाली. आत्ताच्या आत्ता पुसायला लावतो. वाद मिटंल.”

“न्हाई,” ती म्हणाली. “पुसलं म्हंजी चोरून चारलं आन् पळाले आसं व्हतं. समद्यांसमूर घातली, समद्यांसमूर भाईर काढ.”

हे मला म्हणाली. आवाज चढवला नाही. मग तिने आप्पांना विचारलं, “मी तुमच्या मळ्यात बसलेली हाय. गव्हाच्या आदी तुमच्या वडलांनी खताला मेंढरं बसवली व्हती, आमच्या मेंढरांचा वाडा हिरीपशी व्हता. दोन जांभळी व्हत्या तितं.”

आप्पा विचारात पडले. “जांभळी व्हत्या,” म्हणाले. “तुमी ध्यानात न्हाई, बाई.”

“आसू द्या. आमची तोंडं कोण ध्यानात ठिवतंय. मेंढरं ध्यानात हायेत का?”

“मेंढरं हायेत.”

“शेजारी ऊस उभा व्हता तुमचा. एक पान मोडलं व्हतं का?”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पूनमताई, माझ्या वडिलांना मी सोसायटीच्या निवडणुकीत, भावकीच्या भांडणात, कितीदा तरी बोलताना ऐकलंय. त्यांना शब्द शोधावा लागलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. ते म्हणाले, “न्हाई. एक न्हाई मोडलं.”

“मग येवढंच काढ, पोरी,” ती मला म्हणाली, आणि गार झालेला चहा प्यायली. आईने खण आणि नारळ दिला तो घेतला. मोठ्या रस्त्यापर्यंत आप्पा स्वतः गाडीवर सोडायला गेले. जाताना तिने माझी बोटं हातात घेऊन बघितली, शाईची होती. “डोळ्याला बरं न्हाई तिच्या,” म्हणाली, “तवर तिला नगं सांगूस.” तरी मी तुम्हाला आता सांगितलं. तिचं ऐकलं असतं तर तुम्ही तिकडे डोळा गेला म्हणून रडत बसला असता.

मागच्या शुक्रवारी पान गेलं नाही, मला काढताच आलं नाही. या शुक्रवारी जाईल. रागवायचं तेवढं रागवा. तुमच्या आईसारखी बाई मी आयुष्यात बघितली नाही, आणि तिला मी चोर केलं.

राजनंदिनी

*

केंदूर
२४ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा दोन दिवस तुझ्यावर रागावले. तिसऱ्या दिवशी आठवलं की पाय लपव म्हणून अक्कल मीच शिकवली होती. मग राग कुणावर काढावा कळेना, म्हणून संपतवर काढला.

आईला विचारलं, “राहूला गेली होतीस ना?” ती भाकरी थापत होती. “गेले व्हते,” म्हणाली. “माणसं बरी हायेत. पोरगी वाळलेली हाय, खात न्हाई वाटतं.” विषय संपला.

परवा दवाखान्यात जाऊन आले. मोबाइलला रोज थोडा वेळ परवानगी मिळाली. गाडीतच उघडला. तुझी सगळी पानं सलग बघितली, आणि शेवटच्या पानाशी संपतला गाडी बाजूला घ्यायला लावली.

गिताबाई चालता चालता थांबते, मान वळवून थेट बघणाऱ्याकडे बघते आणि म्हणते, “पोरी, तुला घोड्याचं पाय येत न्हाईत म्हून माझी मेंढरं लोकाच्या उसात घातलीस?” असं करायला काळीज लागतं. तू स्वतःला त्या चित्रात ओढून घेतलंस, हातात पेन, तोंड एवढंसं. आणि मग ती एकेक मेंढरू बाहेर काढते आणि तू एकेक काढतेस, प्रत्येकाचे चारही पाय. कितीतरी पाय चुकलेत. घोड्याचा मागचा एक तर भलतीकडेच वाकलाय. पण लपवलेला एकही नाही. आणि बांधावर तुझे आप्पा, स्वतःच्याच नाकाडोळ्यांचे, “एक पान मोडलं न्हाई” म्हणतात. आपल्या बापाला असं चारचौघांत उभं करायचं आणि त्यांनी होऊ द्यायचं, मला दोघांचंही कौतुक वाटतं. खालच्या कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय की त्याच्या आजोबांच्या मळ्यातही मेंढरं बसायची. मग दुसऱ्याने लिहिलं, मग तिसऱ्याने. नुसती गावांची नावं. मी वाचत राहिले तोवर वेळ संपली.

आता माझं. डोळा वाचला, दिसतंय. पण उजव्या डोळ्याने दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते. डॉक्टर म्हणाले, पडदा बसला तरी कधीकधी असं राहतं, थोडं सुधारेल, पूर्ण सरळ होईल असं मी सांगत नाही. काल कागद घेऊन माळाची एक आडवी रेघ मारायला गेले. हात सरळ जातोय असं वाटत होतं. डावा डोळा झाकून बघितली तर सरळ, उजवा झाकून बघितली तर मध्ये खचलेली. दोन्ही डोळ्यांनी बघितली तर गरगरलं. कागद फाडून टाकला.

म्हणून म्हणते, बिऱ्हाड तू घे. पाहुणी म्हणून नाही, कायमचं. तुझ्या हातात आई जास्त खरी दिसते. हे मी रुसून लिहीत नाही.

पूनम

*

राहू
२८ फेब्रुवारी २०२५

पूनमताई,

मी घेणार नाही.

तुझं पत्र आल्यापासून (आता मी तुम्ही म्हणणार नाही, रागात तुम्ही म्हणता येत नाही) तुझी पहिल्यापासूनची सगळी पानं परत बघितली. तीन वर्षांत एकही मेंढरू चुकीच्या जागी उभं नाही. कुठे पाणी आहे, कुठे काटा आहे, कुठल्या शेतकऱ्याच्या बांधावरून लांबून जायचं, ते तुला विचार न करता येतं. मी तीन पानांत त्यांना चोर केलं. मी हात बरे काढते, मान्य. रान मला येत नाही. मी रान रस्त्यावरून बघितलंय, तू त्याच्यात झोपली आहेस.

एक पान काढ. वाकडं येऊ दे. कुठे टाकू नकोस, आधी घरात दाखव आणि मग मला पाठव. वाईट असलं तर मी वाईट म्हणेन. तुझ्याशी एकदा खोटं बोलून बघितलं, मला झोप लागत नव्हती.

आजचा आणि पुढचा शुक्रवार मी सांभाळते. त्यानंतर मी फाट्यावर, माझ्या माणसांकडे परत.

नंदिनी

*

केंदूर
९ मार्च २०२५

नंदिनी,

काढलं. एकाच पानाला आठवडा लागला. एक डोळा झाकून काढलं तर खोली कळेना, म्हणून दोन्ही उघडे ठेवले आणि रेघ जाईल तिकडे जाऊ दिली. बिऱ्हाड नदीवरून परत माळाला लागलंय, एवढंच चित्र आहे. माणसं छोटी, रान मोठं. पूर्ण झाल्यावर भिंतीला टेकवून लांबून बघितलं. बांध मध्येच खचलाय. माळ एका अंगाला चढत गेलाय आणि परत घसरलाय. क्षितिजाला पोक आलंय. पूर्वी मी पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे, कंपनीत ड्रॉइंग काढताना बघून सगळे म्हणायचे हिचा हात म्हणजे मशीन आहे.

तू सांगितलंस म्हणून आईला दाखवलं. ती अंगणात शेंगा निवडत होती. हात पदराला पुसून तिने कागद गुडघ्यावर घेतला. मी आधीच सांगून टाकलं, “आई, डोळ्यामुळं रेघा वाकड्या आल्यात. मी बंद करणार हाय हे.”

ती बघत होती. मग तिने मधलं बोट त्या खचलेल्या बांधावर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. “हितं उतार हाय,” म्हणाली. “हितं घोडं थांबतंय. आन् ह्यो चढ लागला की माझं गुडघं बोलत्यात.” बोट क्षितिजापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

मी म्हटलं, “म्हंजी बरं झालंय?”

ती म्हणाली, “आदी तू समदं रान परातीवानी सपाट काढायचीस. रान कवा सपाट आसतंय व्हय? तीन वर्सं बघितलं, पर पोरगी येवढी बसून काढती, तिला काय म्हनावं, म्हून बोलले न्हाई.” मग कागद माझ्याकडे दिला आणि शेंगा पुढे ओढल्या. “आता चाललोय तसं दिसतंय.”

नंदिनी, मी आत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि पानाचा फोटो काढला. सोबत प्रिंट आहे, तुला जे म्हणायचं ते म्हण. येत्या शुक्रवारी मी ते टाकते आहे.

तुझी,
पूनम